एक्झॉस्ट लावण्याआधी भिंती मोजा

यवतमाळकडे पारा ४३-४४ अंशांवर गेला की टिनाच्या गोठ्यात भरदुपारी उभं राहवत नाही. पत्रा साठ अंशांपुढे तापतो, संकरित गाई तोंड उघडून धापा टाकतात आणि संध्याकाळच्या दुधाचं माप खाली येतं. दारव्हा तालुक्यातल्या एका दूध उत्पादकानं अशाच एका उन्हाळ्यात पन्नास इंची एक्झॉस्ट पंखा विकत आणला. कोंबड्यांच्या बंदिस्त शेडला असतो तोच: चौकोनी पत्र्याची पेटी, बाहेरच्या अंगाला झडपा, पट्ट्यावर फिरणारी दीड अश्वशक्तीची मोटर. गोठ्याला पक्की भिंत एकच, पश्चिमेची. त्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवला. बाकी तीन बाजू कमरेएवढ्या विटा आणि वर मोकळं.

पंखा गरगरला. पुढे धरलेला रुमाल ताणून निघाला, बघायला आलेल्यांनी माना डोलावल्या. गाई मात्र होत्या तशाच धापत राहिल्या.

कारण पंख्यात नव्हतं, गोठ्यात होतं. हवा सर्वांत जवळच्या वाटेनं पंख्याकडे जाते. पंख्याच्या डाव्या-उजव्या हाताला मोकळी बाजू असेल तर तिथूनच हवा आत शिरते आणि दोन पावलांवर पंख्यातून बाहेर पडते. चाळीस फुटांवर बांधलेल्या गाईपर्यंत त्याची खबरही पोचत नाही. समईची ज्योत हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते; श्वास आत ओढून ती कधी विझत नाही. पंख्याचं तंत्र हेच आहे. फेकलेला झोत पंख्याच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही थोडाफार जाणवतो, पण ओढ एका व्यासाएवढ्या अंतरातच जवळजवळ संपते.

समजा त्यानं तिन्ही बाजू ताडपत्रीनं बंद केल्या असत्या, तर? गोठा तीस फूट रुंद, सरासरी उंची बारा फूट. म्हणजे हवेची वाट ३६० चौरस फुटांची. पन्नास इंची पंखा मिनिटाला साधारण २४,००० घनफूट हवा ओढतो. भागाकार करा: मिनिटाला ६७ फूट, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो तोही याच्या दुपटीनं चालतो. गाईच्या अंगाला वारा लागायचा तर मिनिटाला चारशे फुटांच्या आसपास वेग हवा, आणि त्यासाठी या गोठ्याला असे सहा पंखे लागले असते. रोज दहा तास सहा पंखे म्हटलं तर साठ-सत्तर युनिट वीज. हे गणित कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात, पण विक्रेता ते मांडत नाही आणि घेणारा विचारत नाही.

पोल्ट्रीचं पाहून गोठ्याला पंखा लावणारे पुष्कळ आहेत. पोल्ट्रीच्या त्या शेडला दोन्ही लांब बाजू बंद असतात, एका टोकाला ओले पॅड आणि दुसऱ्या टोकाला पंख्यांची रांग असते. हवेला जायला दुसरी वाटच नसते, म्हणून ते जमतं. आपल्याकडचा गोठा मोकळा असतो आणि तो तसाच असावा.

मग गारवा आणायचा कुठून? आधी पत्र्यातून. पत्र्यावर चुन्याचा जाड हात द्या, किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर घालून तो दोरीनं आवळा. गाईच्या पाठीवर उतरणारी निम्मी धग तिथेच अडते, असं ज्यांनी केलं ते सांगतात. नेमका आकडा थराच्या जाडीवर ठरेल. मात्र असा थर आणि पंख्याची वायर जवळजवळ नको. आढ्याला फट ठेवा, गोठ्याच्या दर दहा फूट रुंदीमागे दोन इंच. गरम हवा आपोआप वर चढून निघून जाते, त्याला बिल येत नाही.

त्यानंतर पंखा, आणि तोही फेकणारा. छत्तीस इंची पंख्याचा उपयोगी झोत साधारण तीस फूट जातो. तो सात-आठ फूट उंचीवर, जनावराच्या तोंडाला लागणार नाही असा टांगा, जरा खाली झुकवा आणि झोत पाठीवर येईल असा वळवा. पहिल्याचा झोत संपतो तिथे दुसरा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि ती दिशा वाऱ्याची. समोरासमोर लावले तर एकमेकांचा झोत मारतात.

एक गोष्ट वऱ्हाडात विसरून चालत नाही. गाईच्या शरीराचं तापमान ३८.५ अंशांच्या आसपास असतं. बाहेर ४३ असताना कोरड्या अंगावर वारा सोडला तर तो लू ठरतो. आधी पाठ ओली करायची, मग पंखा. पाणी वाळलं की पुन्हा ओली. म्हशीला तर हे जास्तच लागू, तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी आणि रंग काळा. मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे ओला बारदाना लटकवला तरी फरक पडतो. जुलैत तोच बारदाना काढून टाका. तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जनावराचा ताण मोजायचा एक निर्देशांक आहे. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ गाईला त्रास सुरू होतो. ४२ अंश आणि वीस टक्के आर्द्रतेला तो ८६ च्या जवळ येतो, तर ३० अंश आणि ८५ टक्क्यांना ८४. पावसाळा आला म्हणून पंखे उतरवून ठेवणारे इथेच फसतात.

एक्झॉस्टला जागा नाही असं नाही. चारी बाजूंनी मातीच्या भिंती, एक दार आणि वीतभर झरोका असलेला जुना कोठा असेल, पावसाळ्यात आत शिरताच मुताच्या वाफेनं डोळे चुरचुरत असतील, तर तिथे एक्झॉस्ट हवाच. पंखा एका टोकाला, हवा यायची वाट बरोबर समोरच्या टोकाला. मिनिटाला हजार घनफूट ओढणाऱ्या पंख्यामागे दीड-दोन चौरस फूट वाट सोडा. वाट अपुरी पडली तर मोटर फिरते, हवा येत नाही. झडपांवर कुटाराची धूळ आणि जाळी साचली तरी तेच होतं, म्हणून दर आठवड्याला झाडू फिरवा आणि पट्ट्याचा ताण बघा.

दारव्ह्याच्या त्या पंख्याची मोटर पुढे जळली. रात्रीतून एक फेज गेली, मोटर घुमत राहिली आणि सकाळी करपल्याचा वास आला. थ्री फेज मोटरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले लावल्याशिवाय ती चालवू नये. शेतातल्या थ्री फेजला वेळेचं बंधन असतं, भरदुपारी वीज असेलच असं नाही. म्हणून शक्यतो सिंगल फेजवर चालणारे छोटे पंखे घ्या. कृषिपंपाच्या जोडणीवर गोठा चालवू नका, पशुपालनाची जोडणी वेगळी घ्यावी लागते. मोटर सगळ्या बाजूंनी बंद असलेलीच निवडा, उघड्या मोटरीत कुटार शिरतं आणि पेटतं.

गोठ्यात जमीन ओली, खांब लोखंडी, आणि गाईला माणसापेक्षा कितीतरी कमी दाबाचा झटकाही जाणवतो. चार पायांवर उभं असलेलं जनावर जमिनीतून येणाऱ्या विजेला लगेच सापडतं. तेव्हा पंखा घ्यायला बाजारात जाण्याआधी वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि गोठ्याच्या लाइनवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.