भरवशाच्या म्हशीला टोणगा!
(पेन्शनसाठी सल्लागार निवडताना)

मित्रांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की आपल्या होस्टेलवर एकच विषय – पॅकेज! कुणाला किती, हातात किती, बॉण्ड किती वर्षांचा. पण चुकून कुणी ‘पेन्शन’ हा शब्द काढला तर सगळे हसतात. “अरे, अजून नोकरीचा पत्ता नाही आणि तू रिटायर कुठे होतोस?” मीही हसणाऱ्यांपैकीच होतो. मामांच्या प्रकरणानंतर मात्र हसू थांबले.

माझे मामा एका खासगी कारखान्यात फिटर होते. २०१७ साली निवृत्त झाले. पीएफची रक्कम हाती आली आणि आठ दिवसांत ओळखीचे एक गृहस्थ घरी चहाला आले. बोलणे गोड, फाईल जाडजूड. “दोन लाख टाका, दहा वर्षांनी पेन्शन सुरू,” एवढेच मामांना कळले. सह्या झाल्या. वर्षभराने कंपनीचे पत्र आले – दुसरा हप्ता दोन लाख! मामा समजत होते एकदाच भरायचे. कागदावर दहा वर्षे भरायचे होते. तीन हप्ते भरल्याशिवाय परत काहीच मिळणार नव्हते, आणि पॉलिसी परत करायची पंधरा दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. मामींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले दोन लाख गेले. गृहस्थ आजही रस्त्यात भेटले की नमस्कार करतात!

आता ‘आपला काय संबंध?’ असे म्हणू नका. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून (सैन्यदले वगळून) आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी जुनी पेन्शन बंद केली आणि त्या जागी अंशदानाची पद्धत आणली. पुढे सरकारी नोकरांसाठी सुधारणा झाल्या, पण खासगी नोकरीत काय? तिथे पीएफबरोबर १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना असते. तिचे सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. या पगाराची मर्यादा २०१४ साली १५ हजार ठरली. त्या हिशेबाने ३५ वर्षे धरली तरी महिना साडेसात हजार! तेव्हा उरलेल्याची सोय ज्याची त्याने करायची आहे. आपल्यालाच नव्हे, आपल्याला शिकवणाऱ्या कित्येक सर-मॅडमना आणि लॅब असिस्टंटनाही.

सोय करायची म्हटली की सल्ला देणारे भेटतातच. पण ‘सल्लागार’ या एकाच पाटीखाली दोन वेगळे धंदे चालतात. पहिला विक्रेता. विमा एजंट, म्युच्युअल फंडाचा वितरक, आणि बँकेत आपल्याला खुर्ची देऊन बसवणारा अधिकारीसुद्धा! याला पैसे कंपनी देते, कमिशनच्या रूपाने. दुसरा खरा सल्लागार. २०१३ च्या नियमांनुसार त्याला ‘सेबी’कडे नोंदणी करावी लागते आणि तो फी आपल्याकडून घेतो. एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराला सल्ला देणे आणि वितरक म्हणून कमिशन घेणे असे दोन्ही करता येत नाही. विक्रेता वाईट असतो असे मुळीच नाही. प्रामाणिक एजंट मी पाहिले आहेत. पण मिठाईवाल्याला डाएट विचारू नये, एवढेच!

“फी कशाला द्यायची? एजंट तर फुकट सांगतो,” असे कुणालाही वाटेल. इथे आपले इंजिनिअरिंगचे डोके चालवू. समजा, महिना ५,००० रुपये ३० वर्षे टाकले. मुद्दल झाले १८ लाख. वर्षाला १० टक्के दराने, दरमहा चक्रवाढ धरली तर शेवटी सुमारे १ कोटी १३ लाख होतात. आता मधल्या खर्चात एक टक्का गेला, म्हणजे दर ९ टक्के. उत्तर येते सुमारे ९१ लाख ५० हजार. फरक साडेएकवीस लाखांचा! म्हणजे आपण जन्मभर भरलेल्या मुद्दलापेक्षा जास्त रक्कम त्या ‘फक्त एक टक्क्या’ने खाल्ली. (१० टक्के मिळतीलच असे नाही, हे फक्त गणित आहे. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहा.) हा टक्का पावतीवर कुठे दिसत नाही, म्हणून फुकट वाटतो. हेच गणित फीलाही लागू आहे. सल्लागार दरवर्षी आपल्या एकूण रकमेवर टक्का मागत असेल, तर ठरावीक रुपयांत किती घेणार ते आधी विचारावे.

मग सल्लागार निवडायचा कसा? आपली जशी व्हायवा घेतात तशी त्याची घ्यायची.

१) तुमचे पोट कशावर चालते? फी की कमिशन? उत्तर लेखी मागा. इथे जो चिडतो, तो नापास.

२) नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, म्युच्युअल फंड वितरकाचा ‘एआरएन’ असतो. व्हिजिटिंग कार्डावर विसंबू नका. सेबीच्या यादीत नाव स्वतः शोधा.

३) चेक कुणाच्या नावे? गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यात कधीही जाता कामा नयेत. पासवर्ड, ओटीपी आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर नाहीच नाही.

४) किती टक्के मिळतील? हा फसवा प्रश्न मुद्दाम विचारा. बाजारातल्या गुंतवणुकीवर “गॅरंटी” असे उत्तर आले की व्हायवा तिथेच संपवा, आणि चहा पाजून निरोप द्या.

५) त्याने आपल्याला काय विचारले? वय, कर्ज, घरात अवलंबून किती, तोटा किती सोसवेल – हे न विचारताच जो योजना सांगतो, तो नाडी न बघता औषध देणारा वैद्य.

६) मध्येच बाहेर पडायचे तर? किती वर्षे अडकणार, किती कापणार? विमा पॉलिसी घेतलीच तर हाती आल्यावर ती परत करायला आता ३० दिवस मिळतात. तेवढ्यात प्रत्येक पान वाचा. हप्ता ‘एकदा’ की ‘दरवर्षी’, हे सर्वांत आधी.

खरे सांगायचे तर सुरुवातीला आपल्याला सल्लागाराची फारशी गरजही नाही. राष्ट्रीय पेन्शन योजना म्हणजे एनपीएस २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे, खाते स्वतः उघडता येते आणि तिचा खर्च कमी आहे. म्युच्युअल फंडांतही २०१३ पासून ‘डायरेक्ट’ योजना आहेत. त्यांत वितरकाचे कमिशन नसते. सल्लागार लागतो तो निवृत्तीची मोठी रक्कम हाती आल्यावर किंवा घरात नको त्या पॉलिसींचा गठ्ठा साठल्यावर. तेव्हा फी द्यायला कचरू नये.

मामांनी शेवटी तेच केले. एका नोंदणीकृत सल्लागाराकडे गेले. त्याची फी ऐकून मामी म्हणाल्या, “दुधाने तोंड पोळलेय, आता ताकासाठीही पैसे मोजायचे का?” त्याने तासभर सगळे विचारले आणि उरलेले पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायला सांगितले, ज्यातून त्याला स्वतःला एक पैसाही मिळणार नव्हता! दर तिमाहीला व्याज येते, घर चालते. दोन लाख मात्र परत आले नाहीत.

तेव्हा मित्रांनो, पहिल्या पगाराचे पेढे जरूर वाटा, होस्टेलवर पाठवायला विसरू नका! पण सही करण्याआधी समोरच्याला एवढे विचारा – “साहेब, तुमचा पगार कोण देतो?” चाळीस वर्षांनंतरचे तुम्ही त्याबद्दल आजच्या तुमचे आभार मानाल.