आभा, आशाताई आणि फोनवरचा डॉक्टर

‘मॅडम, आभा कार्ड काढलंय. आता ऑपरेशन फुकट ना?’ हा प्रश्न ओपीडीत इतक्यांदा येतो, की उत्तर इथेच लिहून टाकते. नाही. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे; निरनिराळ्या ठिकाणचे तुमचे रिपोर्ट आणि केसपेपर एकमेकांना जोडता यावेत म्हणून. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, त्याची पात्रताही वेगळी. आभा काढणं ऐच्छिक आहे. नोंदी ज्या-त्या रुग्णालयाकडेच राहतात, तुमच्या संमतीनेच दुसरीकडे दिसतात. तेव्हा कुणी ओटीपी मागितला, तर आधी विचारा: कोणत्या नोंदी, कशासाठी, किती दिवस? ही मुदत तुम्ही ठरवू शकता, संमती मागेही घेऊ शकता.

कार्डं शिबिरं भरवून काढली गेली, पण एवढं समजावून सांगायला कुणी थांबलं नाही. आपल्या आरोग्ययंत्रणेचं बोलणं पुष्कळदा असंच असतं, भोंगा लावून गावातून निघून जाणाऱ्या रिक्षासारखं. भोंग्याच्या जागी मोबाइल आला म्हणून ही यंत्रणा ऐकू लागेल, असं मला वाटत नाही.

सरकारच्या ‘किलकारी’ सेवेचंच बघा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक ध्वनिमुद्रित फोन, एकूण ७२ संदेश. माहिती उत्तम. पण घरातला फोन असतो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कंपनीत! अनोळखी नंबर दिसला की तो कापतो. मुंबईच्या ‘आर्मान’ संस्थेने अशाच एका सेवेत गूगलच्या संशोधकांबरोबर वेगळं काम केलं. कोणत्या बाया संदेश ऐकणं सोडून देतील याचा अंदाज संगणकाने बांधायचा आणि त्यांच्याशी माणसाने बोलायचं. उद्याची दिशा म्हणून मला हे पटतं. तोवर नोंदणी करताना आशाताईंना (गावच्या आशा कार्यकर्तीला) बाईच्या हाताशी असणाऱ्या फोनचाच नंबर द्या. आणि नवरोबा, नंबर तुमचाच असेल, तर कॉल कापू नका. ऐका आणि घरी सांगा. आशाताई आल्या की शंका त्यांना विचारा, कारण तो ध्वनिमुद्रित आवाज तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर मात्र खरा डॉक्टर भेटतो, घरबसल्या किंवा गावच्या आरोग्य केंद्रातून. बोलण्यापूर्वी चालू गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. ‘बीपीची पांढरी गोळी’ यावरून आम्हाला काही कळत नाही! त्रास कधीपासून, ताप मोजला तर किती, कशाची अ‍ॅलर्जी आहे, गरोदर आहात का, हे आपणहून सांगा. पेशंटने स्वतः बोलावं. सासूबाई सुनेच्या वतीने लक्षणं सांगतात तेव्हा निम्मी गाळली जातात, असा माझा अनुभव आहे. शेवटी औषध कसं घ्यायचं ते तुमच्या शब्दांत डॉक्टरला परत सांगा. चूक असेल तर तिथेच पकडली जाते. फोनवरच्या चिठ्ठीवरही डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा, नसेल तर मागा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार काही औषधं, उदाहरणार्थ नशा आणणारी, फोनवरून लिहून देता येत नाहीत, आणि तपासल्याशिवाय निदान होणार नसेल, तर डॉक्टर प्रत्यक्ष यायला सांगू शकतो. त्याला टाळाटाळ समजू नका.

मोबाइलवरच्या एआयला रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ जरूर विचारा. त्याच्या सांगण्यावरून इन्सुलिनचं युनिट मात्र बदलू नका. त्याने तुमचं पोट दाबून पाहिलेलं नाही, आणि तुमची किडनी कशी आहे, हे तुम्ही सांगितलंत तरच त्याला माहीत.

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, दम लागतोय, अशा वेळी व्हिडिओ कॉल लावत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि तोच फोन चालू ठेवा, कारण चालक वाट विचारायला त्यावरच कॉल करतो. मनाचा त्रास घरी बोलता येत नसेल, तर टेली-मानस या हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो.