आधी कान, मग कॅमेरा

बंजारा समाजाच्या पोहरादेवीच्या यात्रेत विद्यार्थ्यांना पहिल्यांदा घेऊन गेले, तो दिवस १७ एप्रिल २०२४, रामनवमीचा. चार मुलांच्या गळ्यात कॅमेरे होते, बाकीच्यांच्या हातात मोबाइल आणि वही एकाकडेही नव्हती. कॉलेजच्या नेहमीच्या वार्षिकांकाऐवजी बंजारा गाण्या-वाजवण्याचा एक अंक काढायचा, असं वर्गात ठरलं होतं. मुलं निम्मी तरी मानोरा, दिग्रस, पुसदकडच्या तांड्यांतली, म्हणजे विषय त्यांच्या घरातलाच. मी तांड्याबाहेरची. दोन रामनवम्या, दोन श्रावण, एक होळी आणि शेवटी ४८ पानांचा अंक, एवढ्या वाटेवर जे हाती लागलं ते लिहून ठेवते. कुणी विद्यार्थ्यांना घेऊन असा अंक काढायला बसलं असेल, तर त्याच्या कामी येईल.

१. पहिली बैठक आवाजांची

यात्रेहून परतल्यावर सगळे फोटो भिंतीवर पाडून बघितले. गर्दी, पांढरे झेंडे, प्रसादाच्या रांगा, पुन्हा गर्दी. फोटो वाईट नव्हते, पण ते कुठल्याही यात्रेचे वाटले असते. संगीत एकातही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरे कपाटात ठेवायला लावले आणि प्रत्येकाला एकच काम दिलं: घरी जा, डोळे मिटून बसा आणि तांड्यात काय काय ऐकू येतं ते लिहून आणा. नंगारा आणि काशाची थाळी सगळ्यांनीच लिहिली. होळीच्या लेंग्या, तीजेची गाणी, भोगाच्या वेळची अरदास म्हणजे प्रार्थना, लग्नातला ढावलो हेही आलं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं: भाकरी थापताना आजीच्या दंडातल्या बलियांचा, म्हणजे बांगड्यांचा आवाज. तिने तो तोंडाने काढूनही दाखवला. वर्ग गप्प झाला. आपल्या घरात रोज वाजणारी गोष्ट संगीताच्या अंकात येऊ शकते, हे त्या मुलांना त्या क्षणी कळलं आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या यादीतूनच अंकाची पानं ठरली. एका आवाजाला दोन पानं किंवा चार पानं. मग त्या आवाजाचा फोटो कुठे, किती वाजता आणि कुणाच्या परवानगीने मिळेल, हे समोर लिहिलं. फोटोंची यादी अशी शेवटी तयार झाली आणि ती सुरुवातीला केली असती त्यापेक्षा निम्मीच होती.

२. पंचांग आधी, कॉलेजचं वेळापत्रक नंतर

वार्षिकांकाचा मजकूर साधारण फेब्रुवारीत मागतात आणि मार्चमध्ये छपाईला जातो. बंजारा समाजाचं गाणं त्या तारखा बघत नाही. संत सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला, ती तेवढी दरवर्षी ठरलेली. होळी २०२४ मध्ये २४ मार्चला होती, २०२५ मध्ये १३ मार्चला आली. रामनवमी १७ एप्रिलवरून ६ एप्रिलला. आणि तीज श्रावणात, जेव्हा निम्मा वर्ग पास होऊन पुढे गेलेला असतो. मुली टोपलीत गहू पेरतात आणि उगवलेल्या तीजेभोवती रात्री गातात. ते जूनमध्ये सांगून कुणी करून दाखवणार नाही, आणि दाखवलंच तर ते खोटं दिसेल.

म्हणून आम्ही अंक दीड वर्षाचा केला. पहिली रामनवमी पाहण्याचीच धरली, अंकासाठीचे फोटो दुसरीला. पास झालेली मुलं सुट्टीच्या दिवशी येत राहिली. घाई करून एकाच वर्षात अंक काढला असता, तर त्यात तीज आली नसती आणि तीजेशिवाय मुलींचा आवाजच आला नसता.

३. डमी हाताने शिवा

संगणकावर पानं लावायला सुरुवात करण्याआधी रद्दीच्या वर्तमानपत्राचे १२ कागद घडी घालून एकात एक ठेवले, मधून सुईदोरा घातला आणि प्रत्येक पानावर स्केचपेनने आकडे टाकले. एक कागद म्हणजे चार पानं, १२ कागद म्हणजे ४८. दिसायला पोरखेळ, पण छपाईचं सगळं गणित त्यात आहे.

आमच्या छापखान्यात १६ पानांचा एक फॉर्म छापत. मधल्या पिनेच्या अंकात फॉर्म एकात एक बसतात, त्यामुळे सगळ्यात आतला फॉर्म १७ ते ३२ या पानांचा होतो. सगळा अंक रंगीत करायला पैसे नव्हते. तो एकच फॉर्म रंगीत आणि आर्ट पेपरवर घ्यायचा, बाकीचा काळा-पांढरा साध्या मॅपलिथो कागदावर, असं ठरलं. मग डमी उघडून मुलांनी स्वतःच ठरवलं की रंगाशिवाय कोणता आवाज अपुरा राहील. फेटिया (घागरा) आणि कांचळीवरचं (चोळीवरचं) भरतकाम रंगीत पानात. लेंगीची रात्र काळ्या-पांढऱ्यात, कारण ती रात्र मुळातच तशी असते.

डमीतून आणखी एक गोष्ट समजते. २४ आणि २५ ही दोनच पानं एका अखंड कागदावर छापली जातात. बाकी जोडपानांवर फोटोचे दोन तुकडे वेगवेगळ्या कागदांवर येतात आणि घडीपाशी केसभर तरी चुकतात. म्हणून आमचा सगळ्यात मोठा फोटो, नंगारा वाजवणाऱ्या बाबांचा, तिथे गेला. फक्त त्यांचा चेहरा नेमका घडीवर येत होता आणि पीन गालातून गेली असती. फोटो जरा मोठा केला, डावीकडे सरकवला आणि चेहरा वाचवला. मीच तो मंजूर केला. त्याबद्दल पुढे लिहिते.

४. काठी हलू द्या

फोटो शिकवताना मी मुलांना सतीश पाकणीकरांनी टिपलेले शास्त्रीय गायक-वादक दाखवले. ते फोटो पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलींतले. तिथे मंच आहे, दिवे आहेत, गायक एका जागी बसलेला आहे. मुलांनी भीमसेन जोशींचे हात बघितले आणि लगेच विचारलं, मॅडम, आपल्याकडे मंच कुठाय? बरोबर होतं ते. नंगारेवाला उभा असतो, भोवती माणसं नाचत असतात आणि मागे कुणाची तरी मोटारसायकल असते.

पहिल्या फोटोंत मुलांनी शटर हजारावर ठेवलं होतं. काठी हवेत थिजलेली, नंगारा मुका. नंगारा हे धातूच्या भांड्यावर ताणलेलं कातडं आहे आणि त्याचा आवाज काठीच्या येण्याजाण्यात आहे. ती जागच्या जागी थांबली की फोटोत उरतं फक्त भांडं. शटर साठावर आणलं, कॅमेरा खांबाला टेकवला आणि वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर फोकस ठेवला. चेहरा स्वच्छ, हाताच्या जागी धुरकट पंखा. एका मुलाला तो फोटो हललेला वाटत होता. दोन दिवस त्याने तो बाजूला ठेवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पुढे केला.

आणि वाजवण्याआधी जा. सैल पडलेलं कातडं शेकून ताणतात, मग बोटाने टकटक करून कान लावून ऐकतात. तो कान लावलेला क्षण आमच्या अंकातला माझा सगळ्यात आवडता फोटो आहे. तो छोटा छापला, पान ३० वर, आणि अजूनही वाटतं की तो मोठा छापायला हवा होता.

५. चैत्रातलं ऊन

रामनवमीला पोहरादेवीला महाराष्ट्रातूनच नव्हे, तेलंगण आणि कर्नाटकातूनही माणसं येतात. समाजाची काशी म्हणतात ती. दुपारी वऱ्हाडातलं ऊन असं पडतं की घुंघटाखालचा चेहरा पूर्ण काळा आणि पांढरा झेंडा आभाळात विरघळलेला. सकाळी आठपर्यंतचा उजेड घ्या, मग थेट साडेपाचला या. मधल्या वेळात माणसांशी बोला, पाणी प्या, गाणी लिहून घ्या. मांडवाखाली काढाल तर कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, तेव्हा आधी एक कोरा पांढरा कागद हातात धरून फोटो घ्या आणि त्यावरून रंग ठरवा.

६. फ्लॅश घरी ठेवा

लेंगी रात्री रंगते. होळीच्या आधीपासून तांड्यात गोल धरून गातात, नाचतात. आमच्या एका मुलाने पहिल्या रात्री फ्लॅश मारला आणि फोटोत शंभर पांढरे ठिपके आले. कांचळीवरचा प्रत्येक आरसा उलटा चमकला होता. शिवाय गाणाऱ्या बाया क्षणभर थांबल्या, ते वेगळं. त्यानंतर आम्ही सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं धरली, आभाळ निळं आणि तांड्यातला बल्ब पिवळा, आणि अंधार पडल्यावर आयएसओ ३२०० वर नेऊन शांतपणे काढलं. दाणे दिसतात. अर्ध्या पानावर छापलं की डोळ्याला लागत नाहीत.

७. एक पान कोरं

ढावलो म्हणजे लग्नात नवरी गळ्यात पडून रडत गाते ते गाणं. आई, भाऊ, मैत्रिणी, एकेकाला धरून. आवाजांच्या यादीत तो वरच्या जागी होता आणि डमीत त्याला रंगीत दोन पानं ठेवली होती. एका विद्यार्थिनीच्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं, घरच्यांनी हो म्हटलं. कॅमेरा घेऊन तीच मुलगी उभी राहिली.

तिने एकही फोटो काढला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, मॅडम, ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा कॅमेरा मध्ये येत होता, म्हणून मी तो भिंतीवर ठेवला.

मी तिला काय सांगणार होते? एक पान कोरं सोडलं आणि दुसऱ्यावर तिने लिहिलेल्या बारा ओळी घेतल्या, गाण्याच्या नव्हे, त्या रात्रीच्या. घरच्यांनी परवानगी दिली असली तरी ती रात्र नवरीची होती आणि तिला आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानंतर ज्याचा चेहरा त्याला विचारायचं, फोटो काढल्यावर त्याला दाखवायचा आणि खाली नाव कसं हवं ते त्याच्याच तोंडून लिहून घ्यायचं, हे आम्ही नियमात घातलं.

८. ओळ श्वासावर तोडा

बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. मुलांनी गाणी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केली, छापखान्यात ती जुन्या फॉन्टमध्ये फिरवली आणि रफार उडाले, जोडाक्षरं फुटली. मराठी शब्द असता तर मुद्रितशोधकाने सुधारला असता. गोरबोलीचा शब्द त्याला माहीतच नव्हता, त्याने अंदाजाने मराठीच करून टाकला. मग आम्ही फॉन्टसकट पीडीएफ द्यायला लागलो आणि शेवटचं मुद्रित गाणाऱ्याच माणसाला वाचायला लावलं, तेही गाऊन.

गाऊन वाचल्यावर आणखी एक चूक सापडली. स्तंभाची रुंदी बघून ओळी तोडल्या होत्या, त्यामुळे श्वास भलत्याच ठिकाणी पडत होता. एका आजीने वहीवर बोटाने खुणा करून दिल्या. त्या खुणांप्रमाणे ओळी तोडल्या आणि त्यासाठी पानाची मांडणी बदलली. दोनऐवजी एकच स्तंभ, मोठा समास. पान उलट अधिक देखणं झालं.

९. लाल रंगाचा भरवसा धरू नका

मोबाइलवरचा फेटियाचा लाल कागदावर येत नाही. पडदा प्रकाशाने रंगतो, कागद शाईने. छपाईत लाल हा मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो आणि त्यात काळ्याचा अंश वाढला की विटकरी दिसायला लागतो. फोटो छपाईच्या रंगांत बदलून एकदा प्रूफ काढा आणि ते ट्यूबलाइटखाली न बघता दारात जाऊन उन्हात बघा. आम्ही खरा फेटिया शेजारी धरून बघितला. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका, तो बारीक होऊन येतो. पूर्ण पानाला ३०० डीपीआय लागतं, तेव्हा मूळ फाइल पेनड्राइव्हवरच घ्या.

१०. मुखपृष्ठ

५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची, भव्य. बहुतेक मुलांना तीच मुखपृष्ठावर हवी होती आणि त्यांचा अभिमान मला समजत होता. तरी मी विरोध केला. तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत येऊन गेला होता. तास-दीड तास वाद झाला. शेवटी यादीतला पहिल्या दिवसाचा तो आवाज कुणाला तरी आठवला, आणि मुखपृष्ठावर आजीचे पिठाने माखलेले हात आले, दंडभर बलिया आणि खाली अर्धी थापलेली भाकरी. संग्रहालय मलपृष्ठावर गेलं.

११. पहिली प्रत तांड्यात

अंक ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आला. पहिल्या प्रती आम्ही ज्यांचे फोटो होते त्यांच्याकडे घेऊन गेलो. नंगारेवाल्या बाबांनी मधलं पान उघडलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं. मी स्तुतीची वाट बघत होते. ते म्हणाले, "थाळीवाला कुठी गेला, बाई?"

चेहरा पिनेपासून वाचवायला फोटो डावीकडे सरकवला होता. थाळी वाजवणारा डाव्या टोकाला उभा होता. तो कागदाबाहेर गेला होता आणि दीड वर्ष आवाजांच्या याद्या करणाऱ्या आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. बाबांनी रागावून काही म्हटलं नाही. मांडीवर बोटांनी नंगाऱ्याचा ठेका धरला आणि मध्ये थाळीची जागा रिकामी सोडून दाखवली.

उरलेल्या सगळ्या प्रती परत आणल्या. पूर्ण फोटो वेगळ्या कागदावर छापून घेतला, खाली दोघांची नावं. दोन दुपारी मुलं वर्गात बसून मधल्या पानात तो कागद चिकटवत होती, आणि चिकटवता चिकटवता कुणीतरी बाकावर पट्टीने थाळी वाजवायला लागलं.