बास्केटबॉल : दूरचा नेम कसा साधावा?

कुस्ती आणि फुटबॉलच्या या कोल्हापुरात बास्केटबॉलवर लिहिणे म्हणजे थोडे धाडसच. तरीही वर्षभराच्या सरावात मला जे उमगले ते नव्या खेळाडूंच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा १९८४ साली आली. तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती. २०१० पासून ६.७५ मीटरवर आहे. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आम्ही २ गुणांनी मागे होतो आणि अखेरच्या क्षणी याच रेषेबाहेर चेंडू माझ्या हाती आला. सारी ताकद खांद्यात आणून मी तो फेकला. कड्याला न शिवताच तो खाली पडला. सामना गेला. माझा हात कच्चा आहे असे समजून पुढे महिनाभर मी दंड मारले, पण चेंडू आखूडच पडत राहिला.

एके दिवशी वडील मैदानावर आले. बास्केटबॉल त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मात्र तरुणपणी ते तालमीत जात. थोडा वेळ पाहून म्हणाले, "नुसत्या हातानं काय फेकतोस? पाय कुठं हाईत तुझं?"

मित्रहो, दूरच्या नेमाचे पहिले सूत्र हेच. गुडघे वाकवून वर उठताना निर्माण होणारा जोर कमरेतून, खांद्यातून मनगटापर्यंत पोचला पाहिजे. हाताचे मुख्य काम दिशा देण्याचे. मी दंडांच्या जोडीला बैठका सुरू केल्या.

दुसरे सूत्र कमानीचे. कडे ३.०५ मीटर उंचीवर असते. त्याचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, तर पुरुषांच्या चेंडूचा सुमारे २४. बांगडी डोळ्यांसमोर तिरकी धरली की ती चपटी दिसते. तिरक्या येणाऱ्या चेंडूला कडेही तसेच अरुंद होते. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याला सुमारे ३२ सेंटिमीटर वाट मिळते. ३० अंशांत उतरला तर अवघी साडेबावीस, म्हणजे चेंडूहूनही कमी! असा सपाट चेंडू कड्याला न लागता आत जाणे शक्यच नाही.

तिसरे सूत्र एकसारखेपणाचे. आपल्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून, अशा तिन्ही स्थितींत नेम धरायचा असतो आणि प्रत्येक वेळी शरीर नेमके तसेच बसवावे लागते. आपला खेळ धावपळीचा असला तरी फेकण्याची घडण बदलता कामा नये : कोपर चेंडूखाली, नजर कड्यावर, चेंडू सुटल्यावर मनगट पुढे वाकलेले.

सराव कड्याजवळून सुरू करावा आणि घडण टिकत असेल तरच एकेक पाऊल मागे यावे. दमल्यावर थांबावे, कारण दमलेले शरीर चुकीचेच वळण शिकते. रोजचे ५० चेंडू मी वहीत मांडतो. रेषेबाहेरून पहिल्या आठवड्यात सर्वांत चांगल्या दिवशी ९ पडले होते, दिवाळीनंतर १९.

हा काही मोठा पराक्रम नव्हे. पण आता चेंडू चुकला तर कारण शोधता येते. आखूड पडला तर पाय, सपाट गेला तर कमान, डावी-उजवीकडे गेला तर कोपर. त्या सामन्यात मला यातले काहीच ठाऊक नव्हते.