मळणी यंत्राची पन्हळ कापावी का?

प्रश्न : थ्रेशरची पेंढ्या घालायची पन्हळ फार लांब आहे, काम रेंगाळते. कापून आखूड केली तर चालेल का?

उत्तर : नाही. आय. एस. 9020 या भारतीय मानकात पन्हळीची लांबी किमान 900 मिलिमीटर आहे आणि ड्रमकडचा 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला लागतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत माणसाचा हात साधारण 70-75 सेंटिमीटर भरतो. म्हणजे तोल गेला तरी बोटे दात्यांपर्यंत पोचू नयेत, एवढाच त्यामागचा हिशेब. पन्हळ अर्धी कापली की तो मोडला.

‘आमचे मजूर सरावलेले आहेत, सांभाळून घालतात,’ असे यावर म्हटले जाते. पण मिनिटाला 600 फेरे घेणारा ड्रम सेकंदाला 10 वेळा फिरतो. ओल्या काडाचा वेढा मनगटाला बसल्याचे कळून हात मागे ओढेपर्यंत ड्रमचे निदान दोन फेरे होऊन गेलेले असतात. सराव तिथे काय करणार? रात्री अकराला, दिवसभराच्या मळणीनंतर तर नाहीच.

काम रेंगाळण्याचे खरे कारण बहुधा वेगळे असते : काड ओले, घास कमी-जास्त, पट्टा सैल. आधी ते तपासा. सैल बाही आणि हातातले कडे मात्र आजच काढायला लावा.