लाल बावट्याचे आबासाहेब

प्रश्न : सांगोल्याचे गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) छोट्या पक्षातून अकरा वेळा आमदार झाले. ते कधी पडलेच नाहीत का? आणि मोठ्या पक्षात का गेले नाहीत?

उत्तर : पडले की! दोनदा पडले. पहिल्यांदा निवडून आले १९६२ साली. १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव जास्त झोंबणारा. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. एखाद्या वाडीवरची मतं इकडची तिकडं झाली असती तर निकाल फिरला असता. पुढच्याच निवडणुकीत, १९९९ ला, आबासाहेब पुन्हा विधानसभेत होते आणि २०१४ पर्यंतची एकही निवडणूक मग हरले नाहीत.

पक्ष न बदलण्याचं कारण निष्ठा, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. शेकाप १९४७ साली स्थापन झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे संस्थापकच पुढे काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे वाट मळलेली होती. पण सांगोल्यात पक्ष आणि माणूस वेगळे काढता येत नव्हते. दुष्काळी तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, नीट चालवली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली आणि टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. शिवाय राहणी साधी, एसटीनं फिरणारा आमदार! असा माणूस पक्ष बदलून मिळवणार काय?

मंत्रिपदं म्हणाल तर तीही पक्ष न सोडता मिळाली : १९७८ ला शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. आघाडीला आमदार कमी पडले की छोट्या पक्षाचा भाव वधारतो, तो असा. एरवी मात्र जागा विरोधी बाकांवर, आणि माझ्या मते तिथंच ते जास्त शोभले.

२०१९ ला वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. आबासाहेब ३० जुलै २०२१ रोजी गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून ही जागा शेकापकडे परत आणली.