वर्धा नदी : दोन राज्यांमधील जुनी सीमारेषा

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम बाजूची सीमा ज्या नदीने आखली आहे, त्या नदीचे उगमस्थान मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळच्या सातपुड्याच्या पठारावर आहे. तेथे ती डोंगरी ओहोळाच्याच रूपात असते. महाराष्ट्रात उतरल्यावर ती काळ्या जमिनीतून, उंच मातीच्या दरडींमधून वाहू लागते. पुढे पैनगंगेस व नंतर वैनगंगेस मिळून ती प्राणहिता या नावाने गोदावरीस जाते. धाम, बोर, वणा, यशोदा या जिल्ह्यातील नद्यांचे पाणी अखेर वर्धेतच येते. पवनार येथे भाविक ज्या धामेचे दर्शन घेतात, तिचेही.

या नदीचे प्राचीन नाव वरदा, म्हणजे वर देणारी. मात्र इतिहासात तिच्याकडे वर देण्याऐवजी वाटणी करण्याचेच काम अधिक आले. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रम्’ या नाटकात विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांत विभागले जाते व वरदा ही त्यांची सीमा ठरते. नाटकाबाहेरही पुढे तसेच घडले. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला व तो निजामाच्या वाट्यास गेला. १८२२ च्या तहाने वर्धा ही वऱ्हाडची पूर्व सरहद्द म्हणून पक्की झाली. म्हणजे आज पुलावरून दोन मिनिटांत पार होणारे हे पात्र त्या काळी दोन राज्यांची हद्द होते.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, त्याच वर्षी नागपूरचे शेवटचे भोसले राजे निधन पावले व त्यानंतर त्यांचे राज्यही खालसा झाले. तरी वऱ्हाडवरील नाममात्र स्वामित्व निजामाचेच राहिले. १९३६ साली निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तो याच कारणाने. या सरहद्दीचा खरा ठसा मात्र नकाशापेक्षा गावांवर उमटला. पूर्वेकडे मालगुजारी पद्धत रुजली, पश्चिमेकडे रयतवारी. पूर्वेच्या गावात मालगुजाराचा वाडा हा गावगाड्याचा मध्य असे, तर पलीकडे शेतकऱ्याचा हिशेब थेट सरकारशी. जुनी मंडळी अजूनही पलीकडे सोयरीक झाली की मुलगी ‘वऱ्हाडात दिली’ असे म्हणतात. आजही नदीच्या एका तीरावर नागपूर विभाग व दुसऱ्या तीरावर अमरावती विभाग आहे.

श्रद्धेने मात्र ही सरहद्द कधी मानली नाही. रुक्मिणीमातेचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात, नदीच्या पश्चिम तीरावर आहे. तेथील उत्खननात सातवाहनकालीन व त्याहूनही जुन्या वस्तीचे अवशेष आढळले आहेत. आर्वी तालुक्यातील भाविक पिढ्यान् पिढ्या नदी ओलांडूनच तेथे जात आले. आषाढीसाठी तेथून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते.

नदीचा स्वभाव भाविकांनी समजून घेणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात गुडघाभर दिसणारे पाणी पावसाळ्यात दरडीला भिडते. मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा व आर्वी तालुक्यातील निम्न वर्धा या धरणांमुळे हजारो शेतांना पाणी मिळाले. परंतु दारे उघडली की, येथे पाऊस नसतानाही खालच्या पात्रातील पाणी चढते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे याच नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. दशक्रिया विधीसाठी जमलेल्या कुटुंबातील ती माणसे होती.

म्हणून भाविकांना नम्र विनंती की, स्नान घाटाच्या पायऱ्यांवरच करावे. मुलांचा हात सोडू नये. पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहून येऊ लागल्यास ताबडतोब वर यावे. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्यास बसू नये, पुढील फेरीची वाट पाहावी. निर्माल्य पात्रात न टाकता घाटावरील कुंडातच ठेवावे.